पडदा लख्ख, प्रेक्षक अकरा

गेल्या शनिवारी आमच्या शहरातील एका मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाचा दुपारी सव्वातीनचा खेळ सहकुटुंब पाहिला. पडदा लख्ख होता, ध्वनी इतका नेमका होता की पात्राने बशीत कप ठेवल्याची किणकिणही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत होती, आणि तरीही दोनशे खुर्च्यांच्या त्या सभागृहात आम्ही मोजून अकरा प्रेक्षक होतो.

चित्रपटधंद्याला उतरती कळा लागली आहे, असे हल्ली सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. २०१६ मध्ये ‘सैराट’ला लोकांनी चित्रपटगृहे भरून टाकली आणि २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायका घोळक्याने आल्या. माणसे यायला आजही तयार आहेत, त्यांना येणे परवडेनासे झाले आहे. आम्हा चौघांच्या तिकिटांना हजार रुपये पडले, मध्यंतरात पॉपकॉर्नच्या दोन डब्यांना सातशे मोजावे लागले, आणि लेकीच्या पिशवीतला घरच्या लाडवांचा डबा दारातच काढून घेतला गेला, याचे मला अजून वाईट वाटते.

मराठी चित्रपटांना दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत खेळ मिळावा, असे राज्य शासनाने २०१५ मध्ये ठरवले होते. येथे मात्र सोमवारपासून हाच चित्रपट सकाळी पावणेदहाला ढकलला गेला. नोकरदार माणसाने तो पाहायचा तरी कधी?

स्वच्छतागृहे चांगली आहेत, कर्मचारी नम्र आहेत. मंगळवारी येथे तिकीट स्वस्त असते. शक्य असल्यास त्या दिवशी जावे.