हवामानबदलावरील एकदिवसीय कार्यशाळा : सकाळ फसलेली, दुपार जमलेली

नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील एका सभागृहात झालेल्या या कार्यशाळेला ५०० रुपये शुल्क भरून मी पूर्ण दिवस बसलो. आयोजक नवखे असल्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही.

सकाळच्या वक्त्यांनी दिवे मालवून, करुण संगीतावर, वितळणाऱ्या हिमनगांची चित्रफीत दाखवली आणि ‘हवामानबदलावर कोणाकोणाचा विश्वास आहे’ असे विचारून हात वर करायला लावले. जणू प्रश्न नवसाचाच होता. निफाडकडच्या एका द्राक्ष बागाईतदारांनी उठून विचारले की, थंडीत पारा इतका उतरतो की बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, मग तापमानवाढ कुठे आहे? ही तापमानवाढ नाकारणाऱ्या तेलकंपन्यांची भाषा आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. ते खाली बसले आणि त्यांच्याबरोबर निम्मे सभागृहही मनाने बाहेर पडले.

मधल्या सुटीतली मिसळ उत्तम होती.

दुपारच्या सत्रातील निवृत्त प्राध्यापकांनी सुरुवातच एका चुकीपासून केली. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, हे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २००७ च्या अहवालातील विधान निराधार होते आणि २०१० मध्ये संस्थेने ते मान्यही केले, हे त्यांनी कोणी न विचारता सांगितले. त्यानंतर हवाई बेटावरील मौना लोआ वेधशाळेत १९५८ पासून चालू असलेल्या मोजणीत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३१५ वरून ४२० च्या पुढे कसे गेले, आणि वातावरणाचा खालचा थर तापत असताना वरचा थर थंड होत असल्यामुळे दोष सूर्यावर का ढकलता येत नाही (सूर्य कारण असता तर दोन्ही थर तापले असते), हे त्यांनी फळ्यावर आकृती काढून समजावले. मग ते सकाळच्या प्रश्नाकडे वळले. २०११ ते २०२० या दशकातील सुमारे १.१ अंशांची वाढ ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत साऱ्या पृथ्वीची सरासरी आहे. निफाडची एक गारठलेली पहाट ती खोडून काढत नाही, तशीच नोव्हेंबर २०२३ ची गारपीटही एकटी ती सिद्ध करत नाही. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, म्हणून मुसळधार पावसाबद्दल बरेच खात्रीने बोलता येते, गारांबद्दल तितके नाही. बागाईतदार म्हणाले, “असं सांगितलं तर ऐकता येतं, सर.”

माझ्या मते आपल्याकडची शंका बहुधा पोळलेल्या अनुभवातून येते. अंदाज पाहून केलेली महागडी फवारणी दोन वेळा वाया गेली की माणूस पुढच्या शास्त्रज्ञाकडेही त्याच नजरेने पाहतो. एखादी चूक उघड कबूल करणाऱ्या वक्त्याचे त्याला म्हणूनच पटते. भावनेलाही माझा विरोध नाही. पण मणी तडकलेल्या घडांचे छायाचित्र दाखवले असते, तर वितळणाऱ्या हिमनगांपेक्षा ते अधिक भिडले असते.

खुर्च्या बऱ्या होत्या, टिपणे मात्र इंग्रजीत दिली. पुढील वेळी सकाळचे सत्र असेच राहणार असेल, तर दुपारी दीडलाच तिथे पोहोचावे. शुल्क मात्र पूर्ण दिवसाचेच घेतात.