खड्डे बुजवणं आणि बेघर निवारा: महापालिकांच्या दोन सेवांचं परीक्षण

मराठवाड्यात आता पाच महापालिका आहेत: छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि 2023पासून जालना. त्यांच्या दोन सेवा इथे तपासल्या आहेत, रस्तेदुरुस्ती आणि बेघरांचा निवारा. दोन्हींचं दुखणं एकच. नवं बांधायला निधी येतो, पण बांधलेलं सांभाळायची तरतूद अपुरी पडते आणि उशिरा सुटते.

आधी रस्ते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कडेला गटार नसेल तर पाणी साइडपट्टीतून आत मुरतं, पाया हलतो आणि वरचं डांबर फुटतं. म्हणून खड्ड्यात नुसता माल, म्हणजे डांबर-खडीचं मिश्रण, ओतून भागत नाही. खड्डा चौकोनी कापायचा, कडा उभ्या ठेवायच्या, सुटी खडी आणि पाणी काढायचं, तळाला व कडांना इमल्शन (माल चिकटून बसावा म्हणून पातळ डांबर) मारायचं, मग थराथराने माल भरून प्रत्येक थर दाबायचा. एक चौरस मीटरच्या, 5 सेंटिमीटर खोल खड्ड्यात दाबल्यावर सुमारे 110 किलो माल बसतो. तिथे दोन घमेल्यांत काम उरकलं, तर तो खड्डा पुढच्या सरीला उघडणारच.

पावसाळ्यात हॉटमिक्स प्लांट, म्हणजे गरम डांबर-खडी बनवणारे कारखाने, बंद असतात. तेव्हा कोल्ड मिक्स, म्हणजे गरम न करता वापरायचा तयार माल, हाच योग्य पर्याय, पण त्याची खरेदी मे महिन्यात व्हायला हवी. निविदा जुलैत निघाली की माल पाऊस ओसरल्यावर येतो आणि तोवर खड्ड्यांत मुरूम पडतो. पावसात त्याचा चिखल, उघडीप मिळाली की धूळ. हा पैसा अक्षरशः वाहून जातो. आणखी एक गोष्ट हमखास राहते: रस्ता दोष दायित्व कालावधीत (काम झाल्यावर ठेकेदार दुरुस्तीला बांधील असतो, त्या मुदतीत) असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. तक्रार देताना कामाचं नाव आणि हा कालावधी कधी संपतो, हे बांधकाम विभागाकडून लेखी मागा. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली आहे. दुरुस्तीत वाचवलेला पैसा आता असा बाहेर जाऊ शकतो, हे अंदाजपत्रक मांडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

निवाऱ्याचा प्रश्न जास्त गंभीर आहे, कारण तिथे बेघर माणसं थंडीत उघड्यावर पडतात. शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष दर 1 लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांचा, बारमाही, चोवीस तास चालणारा एक निवारा आणि प्रत्येकाला किमान 50 चौरस फूट जागा असा होता. 2011च्या जनगणनेनुसार छत्रपती संभाजीनगरला अकरा, नांदेडला पाच, परभणीला तीन निवारे हवेत. इमारत मिळवणं त्यातल्या त्यात सोपं. पुढे तीन पाळ्यांचे केअरटेकर, पाणी, वीज, गाद्या-चादरींची धुलाई, ढेकणांसाठी फवारणी हा दरमहाचा खर्च येतो. केअरटेकरचा पगार थकला की रात्रपाळी बंद पडते आणि दाराला कुलूप लागतं.

लोक निवाऱ्यात येत नाहीत, असं महापालिकेच्या सभागृहात सांगितलं जातं. त्यांनी का यावं, हे आधी पाहायला हवं. केटरिंगचं काम करणारा मध्यरात्रीनंतर सुटतो आणि दार दहाला बंद होतं. भंगार वेचणाऱ्याला गाडा ठेवायला जागा नसते. नवरा-बायकोला वेगळं केलं तर ते फलाटावरच झोपणं पसंत करतात. आधार कार्ड नाही म्हणून परत पाठवणं तर सरळ चूक आहे, कागद नसणं हीच बेघराची अवस्था असते. जागाही मोलाची. नांदेडला स्टेशन आणि गुरुद्वारा परिसरात लंगरमुळे जेवणाची सोय होते, लातूरला गंजगोलाईच्या बाजारपेठेत आणि बाजार समितीजवळ हमालीचं काम मिळतं. निवारा तिथून लांब नेला तर रिकामा राहणारच.

परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा 5-6 अंशांपर्यंत उतरतो. त्या वेळी शाळा किंवा समाजमंदिर तात्पुरता निवारा म्हणून उघडतात, पण बहुधा थंडीच्या बातम्या आल्यावर. ही यादी ऑक्टोबरअखेर तयार हवी: किल्ली कोणाकडे, शौचालय रात्री उघडं राहणार का, महिलांची खोली कुठली, घोंगड्या कोणत्या गोदामात. सोबत आयुक्तांची खर्चाला आगाऊ मंजुरी हवी, कारण थंडीची लाट आल्यावर स्थायी समितीच्या बैठकीची वाट पाहायला वेळ नसतो.

रस्तेदुरुस्ती: 5 पैकी 2. निवारा: निकषांना 4, चालवण्याला दीड.