म्युनिकमध्ये तीन वर्षांचं मूल: वाल्डकिंडरगार्टन की वाल्डटागवाली किटा?

निवड करताना पहिला प्रश्न पावसाचा नाही, तुमच्या ऑफिसच्या वेळेचा आहे. बरीच वाल्डकिंडरगार्टन, म्हणजे रोज रानातच भरणाऱ्या बालवाड्या, दुपारी एक-दोनला सुटतात. दोघंही पूर्णवेळ नोकरीत आणि आजी-आजोबा पुण्यात, असं असेल तर किटा, म्हणजे इमारतीतली नेहमीची बालवाडी, बरी: गरम जेवण, दुपारची झोप, संध्याकाळपर्यंत सांभाळ, शिवाय आठवड्यातून एकदा रानात, तोच वाल्डटाग.

वेळेचं जमत असेल, तर माझा कौल वाल्डकिंडरगार्टनला. ही कल्पना डेन्मार्कमधून आली आणि १९९३ साली फ्लेन्सबुर्गला सरकारमान्य बालवाडी निघाल्यावर जर्मनीभर पसरली. इमारत नसते, रानाच्या कडेला बाउवागन, म्हणजे चाकांवरची लाकडी खोली. वीसेक मुलं, दोन-तीन ताया, खेळणी जवळजवळ नाहीतच. रोज त्याच ओढ्याकाठी गेलं की काल बांधलेलं धरण आज फुटलेलं दिसतं. मग कुठली माती टिकते, दगड आधी लावायचा की फांदी, यावर भांडण होतं, आणि त्या भांडणातच घरी मराठी बोलणारं मूल जर्मन उचलतं. वाल्डटागला हा सलगपणा नसतो. जाऊन-येऊन ती सहलच, आणि तिचाही बराच वेळ बूट चढवण्यात जातो.

पहिलीच्या तयारीची काळजी सोडा. लिहायला-वाचायला किटातही शिकवत नाहीत.

थंडीचं उत्तर कपड्यांत आहे. आत लोकर, मध्ये फ्लीस, वर माचहोझे, म्हणजे चिखलासाठीची रबरी पँट. सुती बनियन नको, भिजलं की गारठवतं. (हे भारतातल्या आजीला फोनवर पटवणं वेगळंच काम.) वादळाचा इशारा असेल तर मुलांना रानात नेत नाहीत, पर्यायी खोली ठरलेली असते.

खरी काळजी गोचिडांची. बव्हेरियाचा (म्युनिक ज्या राज्यात आहे त्याचा) जवळजवळ सगळा भाग एफएसएमई या गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या आजाराच्या धोक्यात येतो. हा आजार मेंदूला सूज आणू शकतो. त्यावर तीन डोसांची लस आहे, आणि ती वाल्डटागच्या मुलांनाही हवी. गोचिडीमुळेच होणाऱ्या बोरेलियोसिसवर (लाइम आजारावर) मात्र लस नाही. म्हणून आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, कानामागची जागा, केसांची कड तपासायची. वाल्डकिंडरगार्टन घेतलंत तर वसंतापासून शरदापर्यंत हे रोजचंच.

अर्ज दोन्हीकडे टाकून ठेवा, जागा सहज मिळत नाहीत. आणि श्नुपरटाग, म्हणजे मुलानं एक दिवस बसून बघायची सोय, मागताना मे महिन्यातला नको, नोव्हेंबरातला मागा.