आरपीजी मेकर की गोडो? बडोद्याची गोष्ट मराठीत सांगायची असेल तर

दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या कॉलेजातल्या मुलांशी गेमचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो. स्वतःचा पहिला आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन गोष्ट जगायचा गेम, करायचाय, तर आरपीजी मेकर हे तयार अवजार विकत घ्यायचं की गोडो हे फुकटचं गेम इंजिन (गेम बनवायची यंत्रणा) शिकायचं? याची उत्तरं नेटवर ढिगानं पडली आहेत. पण ती ज्यांच्या गेममधली माणसं इंग्रजी किंवा जपानी बोलतात त्यांच्यासाठी आहेत. आपल्या गेममधली आजी मराठीत बोलणार, खंडेराव मार्केटमधला भाजीवाला तिला गुजरातीत उत्तर देणार, म्हणजे आपला हिशेब वेगळा.

मत आधीच सांगून टाकतो. लढाया, शस्त्रं, लेव्हल असा पारंपरिक छोटा आरपीजी पुरा करून लोकांच्या हातात द्यायचा असेल तर आरपीजी मेकर एमझेड घ्या. लढाई नकोच, नुसत्या गल्ल्या, माणसं आणि बोलणं हवं असेल तर गोडो ४. आणि एमव्ही, म्हणजे मेकरचा जुना अवतार, सवलतीत कितीही स्वस्त मिळाला तरी मराठी संवादांसाठी घेऊ नका. हे तिसरं वाक्य वाचून काही जण चिडतील, कारण एमव्ही अनेकांकडे आधीच पडून आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

एमव्ही २०१५ चा, एमझेड २०२० चा. दोन्ही आतून जावास्क्रिप्टवर चालतात आणि वरवर पाहिलं तर सख्खे भाऊ वाटतात. फरक संवादाच्या चौकटीत कळतो. एमव्ही संवादातलं प्रत्येक चिन्ह सुटं घेतो आणि सुटंच रंगवतो. रोमन लिपीला त्यानं काही होत नाही. पण ‘विश्वामित्री’ हा शब्द संगणकाच्या लेखी बारा चिन्हांचा आहे. व वेगळा, त्याची वेलांटी वेगळी, श वेगळा, त्याचा पाय मोडणारं हलन्त वेगळं. ही बारा चिन्हं एकेक करून रंगवली की वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे जात नाही, जोडाक्षर जुळत नाही, आणि नदीच्या जागी ठिपक्यांच्या गोलांची माळ दिसते. गंमत म्हणजे मेनूमधली वस्तूंची नावं याच एमव्हीत नीट दिसतात, कारण तिथे अख्खा शब्द एकदम रंगवला जातो. त्यामुळे ‘देवनागरी चालते की!’ असं वाटून माणूस पुढे जातो आणि पहिल्या संवादालाच अडकतो. गुजराती लिपीचंही तेच. वेलांट्या आणि जोडाक्षरं तिलाही आहेतच.

एमझेडमध्ये मजकूर आधी साठवून मग रंगवण्याची सोय आली. वस्तूंची वर्णनं त्यामुळे आपोआप सुधारली. संवादाची चौकट मात्र अजूनही टंकयंत्रासारखी एकेक चिन्ह पुढे सरकते, म्हणून तिथे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला \> हा संकेत लिहायचा. मग ती ओळ सबंध एकदम उमटते आणि अक्षरं जुळलेली राहतात. टकटक करत उमटणाऱ्या मजकुराची मजा जाते, हे खरं. ती परत हवी असेल तर चिन्हांऐवजी अख्ख्या अक्षरागणिक थांबणारं छोटं प्लगइन (वरून जोडायचा कोडचा तुकडा) लिहावं लागतं. तसंच प्लगइन लिहून एमव्हीही सुधारता येतो, पण प्लगइन लिहिता येणारा माणूस हा लेख वाचत बसणार नाही.

गोडोत हे दुखणंच नाही. २०२३ च्या मार्चमध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून त्याच्या पोटात लिपी जुळवणारी पूर्ण यंत्रणा आहे. देवनागरी, गुजराती, उर्दू काहीही द्या, बरोबर दिसतं. (गोडो ३ मध्ये हे नव्हतं. जुनी शिकवणी पाहून ३ उतरवून घेऊ नका.) टंकयंत्राचा परिणाम हवा असेल तर मजकुराच्या सेटिंगमध्ये ‘दिसणारी अक्षरं’ कशी मोजायची याचा पर्याय आहे. तो शब्द जुळल्यानंतर मोजणारा निवडायचा, एवढंच.

फाँटचं दोन ओळींत सांगतो. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत, गेमसोबत बिनदिक्कत वाटता येतात. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर टीरो देवनागरी मराठी बघा. एमझेडमध्ये फाँटचं नाव सिस्टीमच्या दुसऱ्या पानावर बदलता येतं. एमव्हीत त्यासाठी फोल्डरमध्ये शिरून फाइल बदलावी लागते. दोन्हीकडे ओळीची उंची ३६ पिक्सेल असते आणि चौकटीत चार ओळी मावतात. वर रफार, खाली उकार असलेली ओळ त्यात कोंबल्यासारखी वाटते, म्हणून अक्षराचा आकार थोडा कमी ठेवा आणि वाक्यं छोटी लिहा. छोट्या वाक्यांनी संवादही सुधारतात.

आता आरपीजी मेकरची बाजू, कारण वरचं वाचून गोडोच जिंकला असं वाटेल. गोडो रिकामा असतो. त्यात मेनू नाही, सेव्ह नाही, पिशवी नाही, लढाई नाही. ‘राक्षसाला तलवारीनं मारलं तर किती जीव कमी व्हावा’ या प्रश्नालासुद्धा तुम्हीच कोड लिहून उत्तर द्यायचं. गोडोची भाषा जीडीस्क्रिप्ट पायथनसारखी दिसते, तिचं शिक्षण साहित्यही चांगलं आहे, संवादांसाठी डायलॉगिक हे तयार अ‍ॅडऑन फुकट मिळतं. तरी पाळीपाळीनं होणारी लढाई, विषबाधा, औषधाच्या बाटल्या, दुकान आणि सेव्ह एवढं उभं करेपर्यंत गोष्ट लिहिण्याची हौस संपलेली असते. हौशी मंडळींचे बहुतेक गेम इथेच मरतात. इंजिन वाईट म्हणून नव्हे. जी कामं कोणाला दिसणारही नाहीत ती आधी करावी लागतात म्हणून.

आरपीजी मेकरमध्ये ही कामं उघडल्या क्षणी झालेली असतात. नवा प्रोजेक्ट काढा, मॅपवर टाइल (चौकोनी चित्रतुकडे) लावा, एक इव्हेंट (मॅपवरचं माणूस, दार किंवा घटना) ठेवा, त्यात संवाद लिहा, प्ले दाबा. त्याच संध्याकाळी तुमचं पात्र चालायला लागतं. एमझेडमध्ये लढाई पाळीपाळीची हवी की घड्याळ भरत जाणारी, हे एक पर्याय निवडून ठरतं. आपोआप सेव्ह होतं. चार मॅप, दोन लढाया आणि एक दुकान असलेला गेम एकट्या माणसाला परीक्षा सांभाळून पुरा करता येतो.

पण त्याच्या सोयीच्या भिंतीही आहेत, आणि बडोद्यातलं उदाहरण घेतलं तर त्या लगेच दिसतात. विश्वामित्रीतली मगर आपल्या गेममध्ये शत्रू म्हणून येणारच. ती टाळून बडोद्यावर गेम करणारा अजून मला भेटलेला नाही. एमव्ही, एमझेडमध्ये मुळात एक टाइल ४८ पिक्सेलची. मगर लांबलचक हवी म्हणून फाइलच्या नावाआधी $ लावून मोठं चित्र घातलं, चारही दिशांच्या तीन-तीन पावलांसह, तरी इंजिनाच्या दृष्टीनं ती एकाच टाइलवर उभी असते. म्हणजे खेळाडू तिच्या शेपटीतून आरपार चालत जातो. ते थांबवायला आजूबाजूला अदृश्य इव्हेंट ठेवा, नाहीतर प्लगइन शोधा. गोडोत मगरीभोवती हव्या त्या आकाराची सीमा आखली की झालं. मांडवीच्या दरवाजाभोवतीची गर्दी, सूरसागरच्या काठानं गोल फिरणारा रस्ता, तिरप्या गल्ल्या, जे जे चौकटीत बसत नाही ते गोडोत सोपं आणि मेकरमध्ये कुस्तीचं.

पैशांचं. गोडो एमआयटी या खुल्या परवान्याचा, पूर्ण मोफत, आणि विकलेल्या गेमवरही काही मागत नाही. एमझेडची अमेरिकेतली छापील किंमत ८० डॉलरच्या घरात आहे. पण आरपीजी मेकरवर सवलती वरचेवर लागतात, त्यामुळे पूर्ण किमतीला घेण्याची घाई नको. आधी मुदतीची मोफत चाचणी आवृत्ती वापरा आणि त्या मुदतीत निदान एक मॅप बोलता करा.

यंत्राचं मात्र नीट बघा. घरातला लॅपटॉप जुना असेल तर एमझेड कुरकुरतो. त्याला ग्राफिक्ससाठी वेबजीएल लागतंच, एमव्हीला त्याच्याशिवायही कसंबसं चालवता येत होतं. गोडोचा एडिटर छोटासा उतरतो, बसवावाही लागत नाही, आणि प्रोजेक्ट काढतानाच ‘कम्पॅटिबिलिटी’ निवडलं तर साध्या यंत्रावर द्विमितीय गेम निवांत चालतो. शिवाय आपल्याकडे गेम खेळणारा नव्वद टक्के वेळा म्हणणार, ‘मोबाइलवर पाठव ना.’ गोडो सगळी जुळणी एकदा करून ठेवली की अँड्रॉइडची फाइल स्वतः बनवतो. मेकर तुम्हाला ब्राउझरमध्ये चालणारं फोल्डर देतो, त्याचं अ‍ॅप करणं ही तुमची डोकेदुखी. सोपा मार्ग म्हणजे ते फोल्डर इच.आयओ या गेमच्या साइटवर चढवून फक्त दुवा पाठवायचा. चढवण्याआधी ‘न वापरलेल्या फाइल वगळा’ हा पर्याय टिक करा, नाहीतर दहा मिनिटांच्या गेमसोबत शेकडो एमबीचं ओझं जातं.

जुन्या मेकरांची आठवण काढणारे नेहमी भेटतात. ते चुकीचं बोलत नाहीत. २००४ चा युमे निक्की आरपीजी मेकर २००३ वर झाला. २०११ चा टू द मून आरपीजी मेकर एक्सपीवर झाला, आणि त्यात लढाई जवळजवळ नाहीच. अवजार जुनं म्हणून गोष्ट थांबत नाही, याला हे दोन दाखले पुरेत. पण २००० आणि २००३ ही इंजिनं युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतांच्या) बाहेरची. देवनागरी हवी तर प्रत्येक संवाद चित्र म्हणून घालावा लागेल. जीबी स्टुडिओ फार गोड आहे, मोफत आहे, कोड न लिहिता गेमबॉय या जुन्या हातातल्या गेमयंत्राचा खरा गेम होतो. पण १६० बाय १४४ पिक्सेलचा पडदा आणि ८ बाय ८ च्या चौकटीत एक अक्षर, यात ‘ष्ट्र’ कुठे बसवणार? शब्दच नसलेली गोष्ट असेल तर जरूर करा.

आता ज्यांच्यासमोर गेम ठेवायचा त्यांच्याविषयी, कारण निवड करताना हे लोक विसरले जातात. हौशी आरपीजींची परीक्षणं लिहिणाऱ्यांना इंजिन कोणतं याचं फारसं सोयरसुतक नसतं, पण मेकरची ओळख त्यांना पहिल्या पडद्यावरच पटते. सोबत मिळणारी तीच झाडं, तीच कौलं, तोच ठरलेला नायक. या तयार चित्रांनी त्यांचे डोळे विटलेले असतात. वर त्या युरोपीय खेड्यात ‘अगं सुमनताई, सेव उसळ घेऊन जा’ असा संवाद आला की मराठी वाचकही हसतो, आणि हसणं गेमच्या बाजूनं नसतं. म्हणून मेकर घेतलात तर वाचलेला वेळ चित्रांवर खर्च करा. लाकडी सज्जे, पायऱ्यांची विहीर, दगडी चौथरा एवढ्या पाच-सहा टाइल जरी स्वतः काढल्या तरी चेहरा बदलतो. लिबरेटेड पिक्सेल कप या २०१२ च्या स्पर्धेतून आलेली खुल्या परवान्याची चित्रं ३२ पिक्सेलची आहेत. गोडोत ती थेट बसतात, मेकरच्या ४८ पिक्सेलच्या टाइलसाठी मोठी करावी लागतात आणि ३२ ची ४८ करताना पिक्सेल फाटतात. श्रेयनामावलीत चित्रकारांची नावं घालायची अट पाळा. परीक्षक तेही बघतात.

गोडोत केलेल्या पहिल्या गेमवर टीका वेगळी येते. ‘दिसतं छान, पण सेव्ह कुठे करायचं?’ ‘मेनू माउसनं चालतो, कीबोर्डनं का नाही?’ मेकरनं जे फुकट दिलं असतं तेच इथे राहून गेलेलं असतं.

परीक्षण कोणाकडून घ्यावं, यातही निवड आहे. गणपतीत घरी आलेल्या पाहुण्यांना शेजारी बसवून खेळायला दिलं तर ते ‘मस्तच रे’ म्हणतील, पण त्यांचं बोलणं सोडा, हात बघा. कुठे अडतात, कोणता संवाद न वाचता पुढे ढकलतात, कोणत्या दारावर तीनदा आपटतात. अनोळखी हौशी परीक्षकाचं लेखी मत याच्या उलट. तो तुमच्यासमोर नसतो, म्हणून खरं बोलतो, आणि त्यानं आधी असे बरेच गेम पाहिलेले असतात. पहिल्या बांधणीला पाहुणे, दुसऱ्या बांधणीला परीक्षक, हा क्रम मला बरा वाटतो. नुसते तारे देणाऱ्या मतांचा गेम सुधारायला उपयोग शून्य.

गेम बनवायच्या आधी दुसऱ्यांच्या दोन-चार गेमची परीक्षणं तुम्हीच लिहून पाहिलीत तर इंजिनाची निवड निम्मी सोपी होईल. लिहिताना कोणती आवृत्ती खेळलात, किती वेळ खेळलात आणि कुठे सोडलात ते आधी सांगा. बिघाड आणि नावड वेगळी ठेवा. ‘दर चार पावलांना लढाई येते’ ही तक्रार, ‘मला लढाया आवडत नाहीत’ ही तुमची आवड. नवख्या माणसाचा गेम असेल तर पुढच्या आवृत्तीत बदलता येईल असं एक तरी ठोस सांगा. स्वतःच्या परीक्षणांत तुम्ही सारखे लढाईच्या तोलाविषयी लिहीत असाल तर एमझेड तुमचं आहे. सारखे संवाद आणि हालचालीविषयी लिहीत असाल तर गोडो.

आणि एमव्ही आधीच घेऊन बसलेल्यांसाठी एक वाट उरते. संवाद कमी ठेवा, आणि जे हवेतच ते तयार चित्रं म्हणून पडद्यावर दाखवा. वस्तूंची नावं मात्र थेट मराठीत लिहा. तेवढी देवनागरी एमव्हीत नीट उमटते.