‘फक्त केबल तुटली आहे, काका’: बंद स्पीडोमीटरच्या आड झालेली माझी फसवणूक

मी 46,500 रुपये मोजून 2017 सालची एक 150 सीसी मोटारसायकल जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडून विकत घेतली. तिच्या मीटरवर 21,846 किलोमीटर होते. प्रत्यक्षात ती 63,000 किलोमीटरहून अधिक चाललेली होती. त्या वेळी तिचा स्पीडोमीटर बंद होता, आणि मी ती बंद मीटरसकट घेतली. हे लिहिताना मला लाज वाटते आहे आणि संतापही अजून शमलेला नाही. तरीही लिहितो आहे, कारण त्याच व्यापाऱ्याकडे आजही गाड्या ओळीने उभ्या आहेत आणि त्यांतल्या आणखी कितींचे मीटर असेच ‘केबल तुटल्यामुळे’ बंद आहेत, हे मला ठाऊक नाही.

मी काही काल गाडी शिकलेला माणूस नाही. बावीस वर्षे दुचाकी चालवतो आहे, प्लग साफ करणे, साखळी ताणणे, केबलला तेल सोडणे अशी कामे घरीच करतो. मुलीला नोकरी लागली, तिच्यासाठी माझी गाडी मोकळी करायची होती आणि मला पंधरा दिवसांत दुसरी हवी होती, म्हणून मी घाई केली. किंमतही संशय यावा इतकी कमी नव्हती. व्यापाऱ्याने 52,000 सांगितले, घासाघीस होऊन 46,500 वर आले. त्यातले 5,000 मी यूपीआयने दिले आणि 41,500 रोख. रोख रकमेची पावती मागितली तेव्हा तो म्हणाला, “काका, आरसी तुमच्या नावावर झाली की तीच पावती.” हे मी ऐकून घेतले. तुम्ही घेऊ नका.

ज्या क्षणी माझे डोळे उघडायला हवे होते, तो क्षण मला आजही रात्री आठवतो. मी गाडीच्या पुढ्यात उकिडवा बसून मीटरची केबल, म्हणजे पुढच्या चाकाचे फिरणे मीटरपर्यंत पोचवणारी तार, पाहत होतो. मीटरच्या मागच्या भागावर, हेडलाइटच्या चौकटीवर, तारांच्या जुडग्यावर वर्षानुवर्षांची तेलकट धूळ जाड थराने बसलेली होती. पण केबल जिथे मीटरला जोडतात तिथली गोल नटकडी मात्र लखलखीत होती आणि तिच्यावर पकडीच्या दातांचे ताजे ओरखडे होते. रबरी टोपण वर सरकवलेले तसेच राहिले होते. मी ते पाहिले, बोटाने चाचपलेही. मनाशी म्हटले की बिचाऱ्यांनी केबल दुरुस्त करायचा प्रयत्न केलेला दिसतो. तेवढ्यात व्यापारी शेजारी येऊन उभा राहिला. “फक्त केबल तुटली आहे, काका. दीडशे-दोनशेचे काम. तुम्हीच बाहेर तुमच्या मनासारखी चांगली केबल घाला.” आणि मी उठलो.

केबल तुटली असेल, तर ती कधी तुटली? त्यानंतर गाडी किती चालली? मीटरवरचा आकडा हा ती तुटली त्या दिवसाचा आकडा असतो, आजचा नव्हे. इतका साधा प्रश्न मी विचारला नाही. फूटरेस्टची रबरे, ब्रेकच्या पेडलचे रबर आणि हँडलच्या मुठी नव्याकोऱ्या होत्या. मला वाटले, मालकाने गाडी जपलेली आहे. जेमतेम बावीस हजार चाललेल्या गाडीची पावलाखालची रबरे का बदलावी लागतात, हे मनात यायला हवे होते. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. पुढच्या टायरवर 0823 होते, म्हणजे 2023 चा आठवा आठवडा. इतक्या कमी चाललेल्या गाडीचे पुढचे टायर सहसा बदलावे लागत नाही. मी हे आकडे वाचले ते पैसे देऊन गाडी घरी आणल्यावर.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे 180 रुपयांची नवी केबल घेऊन गेलो. त्याने गाडी मेन स्टँडवर घेतली, मला मागून दाबून धरायला सांगितले आणि पुढचे चाक अधांतरी केले. जुनी केबल मीटरकडून सोडवली आणि खाली पाहिले, तर ती चाकाच्या ड्रममध्ये पूर्ण बसवलेलीच नव्हती. बोटभर वर ओढून काळ्या चिकटपट्टीने फोर्कला, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दांड्याला, बांधून ठेवली होती. आतली तार त्याने अखंड बाहेर ओढली. दोन्ही टोकांचे चौकोन शाबूत, कुठे पीळ नाही, कुठे तुटके धागे नाहीत. तार परत घालून त्याने केबल ड्रममध्ये नीट बसवली आणि चाक हाताने फिरवले. वरच्या टोकाला तार गोल गोल फिरू लागली. म्हणजे केबल चांगली होती आणि तिला फिरवणारा चाकाजवळचा गिअरही चांगला होता. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, तिला पकड आणि स्क्रूड्रायव्हर याखेरीज काही लागत नाही, आणि ती मी व्यापाऱ्याच्या दारात करू शकलो असतो.

मग केबल मीटरला जोडून चाक बराच वेळ पुन्हा पुन्हा जोरात फिरवले. काटा थरथरत वीसपर्यंत उडाला, पण किलोमीटरचे आकडे जागचे हलले नाहीत. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता मीटर उतरवायला घेतला.

केबलवर चालणाऱ्या मीटरमध्ये एकच तार काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही चालवते. काट्याला दातेरी चाक नसते. तारेबरोबर आत एक चुंबक फिरतो आणि त्याच्या ओढीने अॅल्युमिनियमची वाटी काट्यासकट वळते. आकडे मात्र प्लॅस्टिकच्या बारीक दातांवर चालतात. त्यामुळे दोन्ही एकदम बंद पडले तर दोष बहुधा केबलमध्ये किंवा चाकाजवळच्या गिअरमध्ये असतो. काटा चालतो आणि आकडे अडतात, तेव्हा दोष मीटरच्या पोटात असतो. माझ्या गाडीचे आकडे मागे फिरवताना ते दात मोडले होते. काटा चालू ठेवला असता, तर थोडे अंतर गाडी चालवताच थिजलेले आकडे कोणाच्याही लक्षात आले असते. म्हणून त्या माणसाने चांगली केबल मुद्दाम निसटती ठेवली, दोन्ही बंद पाडले आणि ‘केबल तुटली’ ही सर्वांना पटणारी गोष्ट पुढे केली. केबलबद्दलची ही थाप किलोमीटरची चोरी झाकण्यासाठी होती, हे कळले तेव्हा माझे हात कापत होते.

मीटरची पत्र्याची कडी तीन ठिकाणी उचकटून पुन्हा दाबलेली होती आणि आतून गोंद दिसत होता. आकड्यांपैकी हजाराचा आकडा इतरांच्या रेषेत नव्हता, अर्धवट वर सरकलेला होता. काच स्वच्छ पुसून उन्हात पाहिले असते, तर हे बाहेरूनही दिसले असते. जुन्या गाडीच्या मीटरमधले आकडे एका सरळ ओळीत आहेत का, एवढे तरी पाहाच.

दुसऱ्या दिवशी मी गाडीचा क्रमांक घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्रात गेलो. तिथल्या नोंदीत नोव्हेंबर 2022 मधली शेवटची सर्व्हिसिंग 58,207 किलोमीटरवर होती. पैसे देण्याआधी ही चौकशी करायला अर्धा तास पुरला असता. आरसीवरच्या मूळ मालकाचा पत्ता काढून त्यांना भेटलो. गृहस्थ सज्जन होते. त्यांनी सांगितले की गाडी 24,000 रुपयांना व्यापाऱ्याला दिली तेव्हा मीटर चालू होता आणि 63,000 च्या पुढे होता. हे लिहून द्याल का, असे विचारल्यावर मात्र त्यांनी हात जोडले.

नवा मीटर 1,950 रुपये, केबल 180, मजुरी 300. साखळी आणि स्प्रॉकेट 1,340. धूर वाढल्यामुळे पिस्टन, रिंगा आणि सिलिंडरचे काम 6,870. गाडीच्या किमतीसह एकूण 57,140 रुपये. माझ्या मेकॅनिकच्या मते या गाडीचे 28,000 देखील जास्त झाले असते.

व्यापाऱ्याकडे गेलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “मीटर बंद आहे हे मी तुम्हाला सांगितले होते ना?” आणि खरोखरच सांगितले होते. पोलीस ठाण्यात दोनदा गेलो. पहिल्यांदा मला दीड तास बसवून ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे सांगितले. भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीसाठीच आहे, हे मी नम्रपणे सांगितले, तेव्हा ‘मग वकील का झाला नाहीत’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्यांदा लेखी अर्ज नेला, तर त्यावर पोच द्यायलाही कोणी तयार नव्हते. चोरी झालेला माणूस चोरासारखा उभा राहतो आणि टेबलामागचा माणूस मान वर करत नाही, हा अपमान मला पैशांपेक्षा जास्त झोंबला. शेवटी अर्ज नोंदणीकृत टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवला, कारण ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर कायद्याने तो मार्ग दिलेला आहे.

आरटीओचा अनुभव त्याहून कडवट होता. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी नोंदणी प्राधिकरणाकडून प्राधिकारपत्र घ्यावे आणि मालकाने गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म 29सी मधून द्यावी, असे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. गाडीच्या प्रत्येक फेरीची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवणेही व्यापाऱ्यावर बंधनकारक आहे. या व्यापाऱ्याकडे असे प्राधिकारपत्र आहे का, एवढेच मी विचारले. खिडकीवरच्या लिपिकाने माझी कागदपत्रे चाळली आणि सांगितले की आमच्या दफ्तरी विक्रेता मूळ मालक आहे, खरेदीदार तुम्ही आहात, मध्ये कोणी व्यापारी नाहीच. मूळ मालकाकडून फॉर्म 29 आणि 30 वर, म्हणजे मालकी बदलण्याच्या फॉर्मवर, आधीच सह्या घेऊन ठेवल्या की व्यापारी कागदावरून असा नाहीसा होतो. मी तिसऱ्या खिडकीवर गेलो, तिथून पहिल्या मजल्यावर, तिथून जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा खाली. नियम केला त्यांनी, मोडला व्यापाऱ्याने, आणि दिवसभर उन्हात उभा मी राहिलो. ज्या खात्याने नियम आणला, त्याला तो मोडणाऱ्याचे नावही विचारावेसे वाटू नये, याचा राग मी कोणापुढे मांडायचा? तुमच्याकडून कोरा फॉर्म 29 किंवा 30 सही करून मागितला, तर देऊ नका. गाडी विकतानाही नाही आणि घेतानाही नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली. तक्रारीचा नोंद क्रमांक मिळाला, आणि काही आठवड्यांनी विक्रेत्याने प्रतिसाद दिला नाही, असे कळवून प्रकरण बंद झाले. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, तेव्हा वकिलाच्या खर्चाला घाबरून कोणी घरी बसू नये. स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. माझ्या हातात पुरावा आहे तो 5,000 रुपयांचा यूपीआय व्यवहार, ‘गाडी 21 हजारच चाललेली आहे’ हा त्याचा व्हॉट्सअॅपवरचा संदेश आणि सर्व्हिस केंद्राची नोंद. रोख दिलेले 41,500 मी कशाने सिद्ध करणार, हे मला अजून उमगलेले नाही.

मीटर बंद असलेली गाडी कोणी दाखवली, तर विक्रेत्याला आधी मीटर चालू करायला सांगा, मग स्वतः दोन किलोमीटर चालवा. मोबाइलच्या जीपीएसवरचा वेग आणि काट्याचा वेग ताडून पाहा आणि आकडे पुढे सरकतात का, यावर नजर ठेवा. तो ‘तुम्हीच बाहेर करून घ्या’ म्हणाला, तर तिथून निघा. डिजिटल मीटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्यातले आकडेही बदलता येतात आणि तिथे मोडलेले दात किंवा उचकटलेली कडी असला माग दिसत नाही. तिथे सर्व्हिसची नोंद हाच भरवसा.

उघडलेला जुना मीटर मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, मेकॅनिकच्या सहीच्या चिठ्ठीसह आयोगासमोर ठेवायला जपून ठेवला आहे. नवा मीटर शून्यापासून सुरू झाला. त्याच्या बिलावर मी दुकानदाराकडून ‘जुना मीटर छेडछाड झालेला, प्रत्यक्ष धाव 63,000 किलोमीटरहून अधिक’ असे लिहून घेतले आहे आणि ते बिल आरसीसोबत ठेवले आहे. ही गाडी मी कधी विकली, तर घेणाऱ्याला ते आधी दाखवीन.