किराणा भिशीतले स्वस्त सामान कोणाच्या पैशाने येते?

इचलकरंजीत आणि आसपासच्या गावांत दिवाळीची किराणा भिशी ही काही नवी गोष्ट नाही. यंत्रमागावर, सूतगिरणीत किंवा घरी कांड्या भरून पोट भरणाऱ्या घरांना सणाचे सामान एका वेळी भरणे जड जाते. म्हणून वर्षभर दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकायची आणि दिवाळीच्या तोंडावर तेल, साखर, रवा, मैदा, डाळ एकदम घ्यायची, ही रीत मुळात शहाणपणाची आहे. याच रीतीचा आधार घेऊन 2024 च्या दिवाळीत आमच्या गल्लीतील बहुतेक घरांची फसवणूक झाली आणि त्यांत आमचेही घर होते. अशा भिशीची हप्ते नोंदवायची कार्डे दर दिवाळीनंतर नव्या नावांनी वाटली जातात, म्हणून हा अनुभव लिहून ठेवत आहे.

योजना अशी होती. दरमहा 300 रुपये, बारा हप्ते, म्हणजे वर्षाला 3600 रुपये भरायचे. त्या बदल्यात 15 किलोचा तेलाचा डबा, 10 किलो साखर, प्रत्येकी पाच किलो मैदा, रवा, पोहे व हरभराडाळ, शिवाय खोबरे, वनस्पती तूप, उटणे, साबण आणि एक स्टीलचे भांडे, असे बाजारभावाने सुमारे साडेचार हजारांचे सामान मिळणार होते. हप्ते गोळा करण्यासाठी गल्लीतीलच बायका नेमल्या होत्या आणि दहा सभासद आणणाऱ्या बाईला तिचे स्वतःचे कार्ड मोफत होते. त्यामुळे पैसे मागायला येणारी व्यक्ती परकी नव्हती. ती कोणाची मावशी होती, कोणाची जाऊ होती, कोणाच्या मुलीची वर्गमैत्रीण होती. फसलेल्या बायकांना आज जे लोक अडाणी ठरवतात, त्यांनी ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. शिवाय 2022 च्या दिवाळीत सामान वेळेवर आणि पुरेपूर मिळाले होते. ज्याने एकदा शब्द पाळला त्याच्यावर दुसऱ्यांदा विश्वास टाकणे हा मूर्खपणा नव्हे.

खरा प्रश्न हिशेबाचा होता, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 3600 रुपयांत साडेचार हजारांचे सामान, म्हणजे रुपयाला वीस पैशांची सूट. साखर आणि खाद्यतेल या मालात किरकोळ दुकानदाराला सुटणारा नफा फार थोडा असतो, हे कोणताही वाणी सांगेल. घाऊक पेठेतून एकगठ्ठा उचल केली तरी एवढी सूट त्या मालातून निघत नाही. भिशीचालकाचे लोक त्या वेळी राज्य सरकारच्या ‘आनंदाचा शिधा’ योजनेचा दाखला देत असत. सरकार 100 रुपयांत किलोभर रवा, किलोभर साखर, किलोभर डाळ आणि लिटरभर पामतेल देऊ शकते, तर आम्हाला का जमणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पण त्या शिध्याची उरलेली किंमत सरकारी तिजोरीतून भरली जात होती. इथे ती भरणारे दुसरे कोणीच नव्हते. पहिल्या वर्षीच्या सभासदांची सूट दुसऱ्या वर्षीच्या नव्या सभासदांच्या हप्त्यांतून दिली जात होती, आणि सभासद वाढत होते तोवरच हे चालणार होते.

2023 च्या दिवाळीत मालाचा दर्जा उतरला होता. कार्डावर 15 किलोचा डबा लिहिला होता, पण मिळालेल्या डब्यावर 15 लिटर असे छापलेले होते. एक लिटर तेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते, म्हणजे डब्यामागे सव्वा किलोहून अधिक तेल कमी आले. कार्डावर सूर्यफूल होते आणि डब्यावर बारीक अक्षरांत पामोलीन होते. काही बायकांनी हे बोलून दाखवले, तेव्हा ‘पुढच्या वर्षी भरून देतो’ असे उत्तर मिळाले. डब्यावरची अक्षरे वाचणे आणि वजनकाटा मागणे यात संकोच करण्यासारखे काहीही नाही. माझ्या मते जिथे सांगितले एक आणि दिले दुसरे, तिथे भिशीतून बाहेर पडण्याचा तोच क्षण असतो.

तिसऱ्या वर्षी गणपतीच्या आधी एक नवी सवलत जाहीर झाली. उरलेले हप्ते चतुर्थीपूर्वी एकरकमी भरले तर एक हप्ता माफ आणि दोन कार्डांमागे चांदीचे नाणे. बोनसला अजून अवकाश होता, तरी अनेक घरांनी उसनवारी करून रक्कम भरली. त्या वर्षी गणेशचतुर्थी 7 सप्टेंबरला होती. नंतर 14 सप्टेंबरपासून केंद्र सरकारने आयात खाद्यतेलावरील शुल्क वाढवले आणि तेलाचे भाव चढले. भिशीचालकाला आयते कारण सापडले. ‘तेल महागल्यामुळे माल अडकला आहे, वसुबारसेपर्यंत थांबा’ असा निरोप आला, मग पाडव्यापर्यंत थांबा असा आला, आणि त्यानंतर फोन बंद झाला व गोदामाला कुलूप लागले. भाववाढ खरी होती, कारण मात्र खोटे होते. किलोमागे पंचवीस रुपये वाढले असे धरले तरी डब्यामागे पावणेचारशे रुपयांचा फरक पडतो. त्याने साखर, रवा आणि मैदा कसा अडकेल?

यानंतरचा सगळ्यांत वाईट भाग म्हणजे हप्ते गोळा करणाऱ्या बायकांच्या दारात लोक जाऊन बसले. त्यांतील बहुतेकींनी स्वतःच्या नात्यातल्यांचीही कार्डे काढली होती आणि त्यांच्या हाती एक पैसा उरलेला नव्हता. एकीने गळ्यातले विकून शेजारणींचे पैसे फेडले. कार्ड मोफत मिळते म्हणून दहा घरे गोळा करणाऱ्या प्रत्येकीने हे ऐकून ठेवावे, कारण चालक पळाल्यावर लोक ओळखीच्याच माणसाकडे येतात. तिच्यावर राग काढणाऱ्यांनीही हे समजून घ्यावे की चालकापर्यंत पोहोचवणारी सर्वांत उपयोगी साक्षीदार तीच आहे.

पोलीस ठाण्यात प्रथम ‘हा आपसातला देण्याघेण्याचा व्यवहार आहे’ असे सांगण्यात आले. चालकाचेही म्हणणे तेच होते, की ही ठेव नव्हे, मालाची आगाऊ रक्कम आहे. परंतु महाराष्ट्रातील ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणाऱ्या 1999 च्या अधिनियमात ठेवीची व्याख्या रोख परतफेडीपुरती मर्यादित नाही. वस्तूच्या रूपात परत देण्याच्या बोलीवर घेतलेली रक्कमही तीत येते. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या 2019 च्या केंद्रीय कायद्यातही वस्तुरूप परतफेडीचा उल्लेख आहे. 1999 च्या अधिनियमाखाली चालकाची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांची देणी भागवण्याची तरतूद आहे, म्हणून तक्रारीत फसवणुकीच्या कलमाबरोबर त्याचा आग्रह धरणे फार गरजेचे आहे. ठाण्यात तक्रार नोंदवून घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येते. आम्ही तसे केल्यावरच कामाला गती आली.

पुराव्याच्या बाबतीत ज्यांनी मोबाइलवरून पैसे पाठवले होते त्यांचे काम सोपे झाले, कारण बँकेच्या उताऱ्यात तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव होते. रोख देणाऱ्यांकडे केवळ कार्ड होते, त्यावर आद्याक्षरांची सही होती, आणि शेवटच्या हप्त्याला ‘नोंदीसाठी’ म्हणून पुष्कळांची कार्डे परत घेतली गेली होती. कार्ड कोणी मागितले तर देण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅपवरील गटातून कोणीही रागाने बाहेर पडू नये किंवा संदेश पुसू नयेत, कारण ‘वसुबारसेपर्यंत थांबा’ हा संदेशच आमच्या तक्रारीत मालाच्या वचनाचा लेखी आधार ठरला.

आता आमच्या गल्लीतील काही घरे बँकेत आपापल्या नावाने बारा महिन्यांचे आवर्ती (रिकरिंग) खाते चालवतात आणि दिवाळीआधी एकत्र यादी करून घाऊक दुकानातून पक्क्या बिलावर माल आणतात. वीस टक्के सूट मिळत नाही. जी मिळते ती थोडी आहे, पण माल समोर मोजून घेतला जातो आणि तोवर पैसे आपल्या खात्यात राहतात.

ज्यांचे हप्ते सध्या एखाद्या भिशीत चालू आहेत त्यांनी चालकाकडे त्याचे पूर्ण नाव, दुकानाचा परवाना आणि प्रत्येक हप्त्याची सहीची पावती आजच मागावी. ज्यांना 2024 चे सामान मिळालेले नाही आणि ज्यांनी लाजेपोटी अजून तक्रार दिलेली नाही, त्यांनी कार्ड किंवा त्याचे छायाचित्र, बँकेचा उतारा आणि हप्ता नेणाऱ्या बाईचे नाव घेऊन कोल्हापूरच्या आर्थिक गुन्हे शाखेत जावे. रक्कम लहान आहे म्हणून मागे राहू नये, कारण जप्तीतून काही वसूल झाले तर ते वाटताना ज्यांचा दावा नोंदलेला आहे त्यांचाच विचार होईल.