15 लाख कुठे ठेवायचे? एफडी, सोनं आणि इंडेक्स फंड

दिवाळीत भाची आली ती पिशवीतून वही काढतच. वडिलांकडची जमीन विकली गेली आणि तिच्या वाट्याला 15 लाख आले. वहीत तीन रकाने आखलेले होते: एफडी, सोनं, इंडेक्स फंड (शेअर बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर थोडे-थोडे घेणारा फंड). प्रत्येकाखाली गेल्या पाच वर्षांत किती टक्के मिळाले ते लिहिलेलं. "मामा, सोन्याचा आकडा सगळ्यात मोठा आहे. सगळं सोन्यातच घालू का?"

मी तिला चौथा रकाना आखायला सांगितला. पैसे लागणार कधी?

हा प्रश्न मला फार महागात शिकावा लागला. 1992 च्या मार्चमध्ये मी नोकरीतली पहिली शिल्लक, 30 हजार रुपये, शेअर्समध्ये घातली. तेव्हा शेअर सर्टिफिकेट कागदाचं असायचं. जाड कागद, फिकट हिरवी नक्षीदार चौकट, कोपऱ्यात फोलिओ नंबर. कपाटात आईच्या पाटल्यांच्या डबीखाली मी ती फाईल ठेवली. त्याच सुमारास आईने स्वतःच्या नावावर 10 हजारांची एफडी केली होती. मुदत संपली की ती व्याजासकट पुन्हा पावती करून आणायची.

2001 च्या सप्टेंबरमध्ये आईचं ऑपरेशन ठरलं आणि आठवड्याभरात तिन्ही गोष्टी बाहेर काढाव्या लागल्या. शेअर्स विकले, 30 हजारांचे 11 हजार झाले होते. एफडी मोडली, 10 हजारांचे 25 हजारांच्या वर आले. पाटल्या सराफाकडे मोडीत दिल्या. त्याने त्या कसोटीवर घासल्या, तूट धरली, घडणावळ तर घेतानाच गेली होती. 1992 मध्ये तोळ्याला, म्हणजे 10 ग्रॅमला, 4,300 च्या आसपास भाव होता आणि 2001 मध्येही जवळपास तेवढाच. नऊ वर्षं सोनं जागचं हललं नव्हतं. त्या आठवड्यात मला कुणी विचारलं असतं, तर एफडीशिवाय कशातच अर्थ नाही असं मी शपथेवर सांगितलं असतं.

आणि चुकलो असतो. त्यानंतरच्या अकरा वर्षांत सोनं तोळ्याला 31 हजारांपर्यंत गेलं, सात पट. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स त्या सप्टेंबरात 2,600 पर्यंत घसरला होता, 2012 संपताना तो 19 हजारांवर होता. म्हणजे तोही सात पट. एफडीचे दर मात्र 2003-04 पर्यंत सहा टक्क्यांच्या आसपास उतरले होते. क्रम पुरता उलटला.

म्हणून वहीतला 'गेल्या पाच वर्षांत' हा रकाना मला धोक्याचा वाटतो. तो नेहमी नुकत्याच पळालेल्या घोड्याकडे बोट दाखवतो. 2012 मध्ये तोच रकाना पाहून कुणी सोनं घेतलं असेल, त्याला 2018 पर्यंत जवळपास त्याच भावात बसून राहावं लागलं.

आता शेअर बाजाराविषयी, कारण तिथे अजून एक गोष्ट आहे जी रकान्यात बसत नाही: तुम्ही घेतलं कितीला. 1991 संपताना सेन्सेक्स 1,909 वर होता. 22 एप्रिल 1992 ला तो 4,467 वर पोहोचला. दुसऱ्याच दिवशी हर्षद मेहताच्या रोखे घोटाळ्याची बातमी आली आणि बाजार कोसळत गेला. 2024 संपताना तो 78,139 होता. डिसेंबर 91 ला घेणाऱ्याचे 41 पट झाले, एप्रिल 92 ला घेणाऱ्याचे साडेसतरा पट. देश तोच, बाजार तोच, मधे फक्त चार महिने. लाभांश यात धरलेला नाही, तो दोघांनाही मिळाला. याच काळात सोनंही जवळपास साडेसतरा पट झालं. बत्तीस वर्षं थांबूनसुद्धा एप्रिलच्या खरेदीदाराला पाटल्यांपेक्षा फारसं जास्त मिळालं नाही, कारण त्याने किंमतच अवाच्या सवा मोजली होती. कंपन्यांच्या वर्षाच्या एक रुपया नफ्यासाठी बाजार तेव्हा 50 रुपयांहून जास्त मोजत होता. बँक 12 टक्क्यांच्या आसपास देत होती, म्हणजे एक रुपया व्याजासाठी साधारण सव्वाआठ रुपये. हे दोन आकडे मी त्या मार्चमध्ये शेजारी-शेजारी मांडले असते तर हात आखडता घेतला असता. पण तेव्हा ऑफिसात सगळेच घेत होते.

एक रुपया नफ्यासाठी बाजार किती मोजतो, या आकड्याला पीई म्हणतात. निफ्टी या दुसऱ्या निर्देशांकाचा पीई एनएसई, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजार, रोज जाहीर करते. तो जरूर बघा, फक्त 2021 च्या आधीच्या आकड्यांशी थेट तुलना करू नका. तेव्हापासून उपकंपन्यांचा नफाही हिशेबात धरतात, त्यामुळे जुना पीई आहे त्यापेक्षा महाग दिसतो.

इंडेक्स फंडाच्या बाजूने मी आजही बोलतो. एक कंपनी निवडायची जोखीम त्यात नाही, वर्षाचा खर्च अगदी थोडा, आणि विकल्याशिवाय कर नाही. वर्षाला सव्वा लाखांपर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त, त्याहून जास्त झालेल्या नफ्यावर साडेबारा टक्के. पण 2020 आठवा. जानेवारीत 42 हजारांवर असलेला सेन्सेक्स घसरत गेला आणि 23 मार्चला एका दिवसात आणखी 13 टक्के पडून 25,981 वर आला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा 42 हजारांच्या वर गेला. ज्याला एप्रिलमध्ये फ्लॅटचा हप्ता भरायचा होता त्याचं नुकसान कायमचं झालं, ज्याला दहा वर्षांनी पैसे हवे होते त्याला पासबुक न उघडता ते वर्ष काढता आलं. आणि दहा वर्षंही पुरतीलच याची हमी नाही. जपानचा निक्केई 1989 च्या डिसेंबरमध्ये 38,915 वर होता, तो आकडा पुन्हा ओलांडायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. तिथेही लोकांनी शिखरावर मागतील ती किंमत दिली होती. म्हणूनच सगळी रक्कम एका दिवशी घालू नये असं मी म्हणतो.

सोन्याचं गणित वेगळं. सोनं भाडं देत नाही, नफा कमवत नाही, त्यामुळे ते महाग की स्वस्त हे तपासायला पीईसारखं मापच नाही. 1980 च्या जानेवारीत ते जगात औंसाला 850 डॉलरवर गेलं आणि तिथे परत पोहोचायला 2008 उजाडलं. आपल्याकडच्या बायकांना ती अठ्ठावीस वर्षं तेवढी बोचली नाहीत, कारण मधल्या काळात डॉलर 8 रुपयांवरून 39 वर गेला. आपल्याकडे सोनं म्हणजे रुपया घसरण्याविरुद्धचा विमा आहे. विमा असावा, पण सगळी पुंजी विम्यात घालत नाहीत. शिवाय सरकारचा निर्णयही भाव हलवतो. जुलै 2024 मध्ये आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आलं आणि भाव एका दिवसात उतरले. सरकारी सुवर्ण रोखे, म्हणजे सोन्याच्या भावाला जोडलेले सरकारी कागद, फार चांगले होते. नोव्हेंबर 2015 चे 2,684 रुपये ग्रॅमने दिलेले रोखे 2023 मध्ये 6,132 ला परत घेतले गेले, वर व्याज. पण फेब्रुवारी 2024 नंतर नवे निघालेले नाहीत. तेव्हा दागिना घालायचा नसेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे सोन्यात पैसे ठेवणारा, शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड. त्यात घडणावळ आणि तूट वाचते.

एफडीबद्दल थोडक्यात. 7 टक्के दिसले, तरी 30 टक्क्यांच्या टप्प्यात कर भरणाऱ्याच्या हातात पावणेपाचच्या थोडं वर उरतात. महागाई तेवढी असली की वाढ शून्य. पण तारखेला रक्कम हातात येते, आणि ऑपरेशनच्या आठवड्यात त्याची किंमत काय असते ते मी पाहिलंय. बँक बुडाली तर ठेव विमा एका बँकेत एका माणसाला 5 लाखांपर्यंतच, तोही मुद्दल आणि व्याज मिळून, सगळ्या शाखा धरून. पाव टक्का जास्त मिळतो म्हणून मोठी रक्कम एकाच छोट्या बँकेत ठेवू नका.

भाचीच्या चौथ्या रकान्यात दोन तारखा आल्या. तीन वर्षांनी फ्लॅट, त्यासाठी 6 लाख. मुलगा सात वर्षांचा आहे, त्याचं कॉलेज अकरा वर्षांनी. नवऱ्याची नोकरी खाजगी, म्हणून 2 लाख अडीअडचणीला. त्यातून उत्तर आपोआप निघालं: 8 लाख एफडीत, दोन बँकांत 4-4, कॉलेजचे 6 लाख इंडेक्स फंडात, पण दीड वर्षात दरमहा थोडे-थोडे करून. उरला एक लाख, तो गोल्ड ईटीएफमध्ये घाल असं मी सुचवलं.

एफडीच्या पावत्या तिने पुढच्याच आठवड्यात करून आणल्या. इंडेक्स फंडातल्या दरमहा गुंतवणुकीचा, म्हणजे एसआयपीचा, पहिला हप्ता 5 तारखेला गेला. ईटीएफ मात्र तिने घेतला नाही. त्या लाखाची तिने आईसाठी वळी घडवली, आणि माझी बहीण ती रोज हातात घालते.